सांडव्याखालची माणसे
मिठी नदीच्या इतिहासाची एक मांडणी

दलित चळवळीने पाण्याचा जो इतिहास लिहिला तो मुख्यतः पाणवठ्याचा इतिहास आहे. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्याला मान्यता दिली आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसांसह चवदार तळ्याच्या पायऱ्या उतराव्या लागल्या. त्या तळ्याचा खटला पुढे दहा वर्षे चालला आणि १९३७ साली उच्च न्यायालयात निकालात निघाला. हा सारा इतिहास स्पर्शाचा आहे. पाण्याला कोणी हात लावायचा, हा त्यातला मूळ प्रश्न आहे आणि खेडोपाडी तो अजून पुरता सुटलेला नाही.

परंतु शहरात गेलेल्या आपल्या माणसांसमोर पाण्याचा आणखी एक प्रश्न उभा राहिला आणि त्याची मांडणी आपण पुरेशी केलेली नाही. हा प्रश्न पातळीचा आहे. पाणी कोठे अडवले जाते, किती उंचीपर्यंत साठवले जाते, त्या उंचीच्या वर आलेले पाणी कोणाच्या अंगणात सोडले जाते, हे कोण ठरवतो? नळाला शिवू नको असे शहरात उघडपणे कोणी म्हणत नाही. शहर फक्त धरण वर बांधते आणि वस्ती खाली ठेवते. मुंबईच्या मिठी नदीच्या उदाहरणावरून हा प्रश्न तपासून पाहावा, असा या लेखाचा हेतू आहे.

मी उपनगरातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. माझ्या वर्गातली बरीच मुले कुर्ला, कलिना, धारावी या पट्ट्यातून येतात. मुंबईला पाणी देणाऱ्या तलावांची नावे त्यांना शाळेपासून पाठ आहेत, जशी ती मलाही पाठ होती. पण आपल्या दाराशी वाहणारे काळे पाणी त्यातल्याच एका तलावाच्या भिंतीखालून निघते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. अभ्यासक्रमात तलाव नागरिकशास्त्राच्या धड्यात येतो आणि नाला आरोग्याच्या धड्यात. दोघांमधला संबंध सांगणारा धडा कोठेच नाही.

मिठी ही जेमतेम अठरा किलोमीटर लांबीची नदी. साष्टीच्या डोंगरात, आज जेथे राष्ट्रीय उद्यान आहे त्या परिसरात, तिचा उगम. विहार आणि पवई या दोन तलावांचे ओसंडणारे पाणी एकत्र होऊन ती पुढे मरोळ, साकीनाका, विमानतळ, कुर्ला, कलिना, वांद्रे-कुर्ला संकुल, धारावी असा प्रवास करते आणि माहीमच्या खाडीला मिळते. डोंगरापासून उतरताना तिला चांगला उतार आहे, कुर्ल्यापासून खाली तो जवळजवळ संपतो आणि भरतीचे पाणी उलट आत शिरते. एकच प्रवाह, पण जसजसा तो खाली येतो तसतसे त्याचे नाव बदलते. वर तो तलाव असतो, मध्ये नदी, वस्तीत शिरला की नाला आणि शेवटी खाडी. २००५ पर्यंत बहुसंख्य मुंबईकर तिला नालाच म्हणत होते. ज्याला नाला म्हटले त्यात काहीही टाकावे, अशी मुभा त्या नावातच मिळते. माणसांना दिलेली नावे हेच काम कसे करतात, हे आपल्याला वेगळे सांगण्याची गरज नाही.

ही नदी अडवण्याचा निर्णय झाला तो दुष्काळातून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई बेट विहिरींवर आणि तळ्यांवर जगत होते. १८५४ च्या टंचाईने सरकारला हलवले. हेन्री कोनीबिअर या अभियंत्याने साष्टीतले विहारचे खोरे अडवून नळाने पाणी आणण्याची योजना मांडली. १८५६ साली काम सुरू झाले आणि १८६० च्या सुमारास विहारचे पाणी मुंबईत आले. त्यापाठोपाठ १८७९ साली वरच्या अंगाला तुळशी तलाव पुरा झाला. तुळशी भरला की त्याचे जादा पाणी विहारमध्ये उतरते. १८९० साली पवईचा बांध झाला. पवईचे पाणी पिण्याच्या कामाचे ठरले नाही. ते उद्योगांना आणि पुढे आरे वसाहतीला देण्यात येऊ लागले. अभियंत्यांची आणि गव्हर्नरांची नावे इतिहासात राहिली. ज्यांनी माती वाहिली आणि दगड फोडले त्यांची नावे ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या काळी मुंबई शहराची हद्द माहीम आणि शीव येथे संपत होती. विहार, पवई, मरोळ, कुर्ला हा सारा मुलूख शहराबाहेरचा. म्हणजे एका खोऱ्यातले पाणी उचलून दुसऱ्या ठिकाणच्या शहराला देण्यात आले आणि ज्या खोऱ्यातून ते उचलले त्याच्या वाट्याला काय उरेल, याचा हिशेब त्या योजनेत नव्हता. पुढे १९५० आणि १९५७ मध्ये शहराची हद्द वाढत वाढत या मुलखाला गिळून पुढे गेली. खोरे शहरात आले, पण हिशेब जुनाच राहिला.

धरणाने ओढ्याचे काय होते, ते साध्या भाषेत सांगता येते. प्रत्येक तलावाला एक सांडवा असतो. विहारच्या सांडव्याची पातळी महापालिकेच्या मोजणीप्रमाणे ८०.१२ मीटर आहे. पाणी या रेषेच्या खाली असेल तोवर सांडव्यावरून खाली नदीत एक थेंब जात नाही. पडलेला सारा पाऊस तलाव पोटात घेतो. पाणी या रेषेला टेकले की त्यानंतर आलेले पाणी तलाव ठेवून घेऊ शकत नाही. थोडाफार वेळ रोखून तो ते खाली सोडतो. म्हणून जूनमध्ये, तलाव रिता असताना, वर मोठा पाऊस झाला तर खालच्या वस्तीला तलावाचा आधार असतो. जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टमध्ये, तलाव काठोकाठ भरलेला असताना, तेवढाच पाऊस झाला तर तो आधार नाहीसा झालेला असतो. पाऊस तोच, ओढा तोच. फरक पडतो तो तलावाच्या त्या दिवशीच्या पातळीने.

वर्षातले सात-आठ महिने नदीला डोंगराकडून मिळायचे ते पाणी बांधाच्या मागे थांबलेले असते. तरीही मिठी कोरडी पडत नाही. मग उन्हाळ्यात तिच्यातून वाहते ते काय? ते मुख्यतः सांडपाणी असते. शहर रोज सुमारे ३८५ कोटी लीटर पाणी घेते. त्यातले बहुतेक पाणी भातसा आणि वैतरणा खोऱ्यांतून, तानसातून, ठाणे, पालघर, नाशिक जिल्ह्यांतून शंभर-शंभर किलोमीटर अंतर तोडून येते. वापरून झाल्यावर त्यातला जो भाग गटारांतून वाहत येतो तो मिठीचा उन्हाळी प्रवाह बनतो. म्हणजे नदीचे स्वतःचे स्वच्छ पाणी वर अडवले गेले आणि त्याच्या जागी दुसऱ्या नद्यांचे वापरलेले पाणी आले. ज्या शहापूर तालुक्यातून हे पाणी येते तेथले आदिवासी पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात आणि ते पाणी शेवटी ज्या काठाने वाहते तेथली माणसे त्याच्या वासात जेवतात. दोन्ही टोकांना कोण आहे ते पाहावे.

धारावी या खालच्या टोकाला आहे. मूळचे ते खाडीवर जगणारे कोळीवाड्याचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कातडी कमावण्याचे कारखाने तेथे आले. वांद्र्याचा कत्तलखाना जवळ होता, खाडीचे पाणी हाताशी होते आणि वस्ती शहराच्या कडेला होती. तिरुनेलवेलीकडचे आदिद्रविड, महाराष्ट्रातले ढोर आणि चांभार, मुसलमान कारागीर, सौराष्ट्रातले कुंभार अशी माणसे तेथे वसली. ज्या कामाची शहराला गरज होती पण ज्याचा वास शहराला नको होता, ते काम पाण्याच्या खालच्या टोकाला ठेवण्यात आले. गावगाड्यात आपली वस्ती गावाच्या खालच्या अंगाला असे, म्हणजे वारा आणि पाणी आपल्यावरून गावाकडे जाऊ नये. महानगराने हा नियम कागदावर कधी लिहिला नाही, पण पाळला. धारावीजवळ मिठीच्या काठी १९७० च्या दशकापर्यंत शहराच्या कचऱ्याचे आगर होते. त्याच जागेवर आज महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे आहे, ही चांगली गोष्ट झाली. पण तो कचरा उचलणारे हात कोणाचे होते, हे त्या झाडांखाली बसून आठवायला हवे.

वरच्या बाजूला पाणी अडले तसे खालच्या बाजूला त्याचे तोंड आवळले गेले. १८४५ साली माहीमचा रस्ता समुद्रात भर घालून झाला. लोकांची मोठी सोय झाली, यात शंका नाही. पण खाडीचे रुंद तोंड त्या रस्त्याखालच्या मोकळ्या जागेपुरते उरले. शीवचा रस्ता त्याआधीच, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, झाला होता. पुढे विमानतळ वाढत गेला तेव्हा नदी वळवण्यात आली. ती काटकोनात फिरून धावपट्टीखालून जाऊ लागली. १९७७ साली वांद्रे-कुर्ला भागाच्या नियोजनाचे अधिकार महानगर विकास प्राधिकरणाकडे आले. तेथल्या खाजणावर, जेथे भरतीचे आणि पुराचे पाणी पसरून थांबत असे, तेथे भराव पडला आणि काचेच्या इमारती आल्या. खाजण म्हणजे पडीक जमीन नसते. ती पाण्याची बसायची जागा असते. ती जागा काढून घेतल्यावर पाणी दुसऱ्याच्या घरात जाऊन बसणार, हे सांगायला अभियंता लागत नाही.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. वरून डोंगराचे पाणी, मधून शहराचे पाणी आणि खालून भरती, अशी तिन्ही एकत्र आली. कुर्ला, कलिना, धारावी, साकीनाका पाण्याखाली गेले. शहरात शेकडो माणसे मेली. दोन दिवसांनी, २८ जुलैच्या रात्री, जुहूच्या नेहरूनगर झोपडपट्टीत धरण फुटल्याची आवई उठली आणि चेंगराचेंगरीत माणसे दगावली, त्यात लहान मुलेही होती. कोणतेही धरण फुटले नव्हते. पण वर कोठेतरी धरण आहे, ते आपल्या ताब्यात नाही आणि ते कधी काय करील हे आपल्याला कोणी सांगणार नाही, ही भीती खोटी नव्हती. माहिती ज्यांच्यापासून दूर ठेवली जाते त्यांच्याकडे आवईच पोचते.

त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, मिठीच्या विकासासाठी प्राधिकरण झाले, पात्र रुंद आणि खोल करण्याचे काम सुरू झाले. नाला पुन्हा नदी झाला. आणि नदी होताच तिच्या काठावरची माणसे ‘अतिक्रमण’ झाली. हजारो झोपड्या हलवण्यात आल्या. झोपडीने पात्र अडवले नाही असे मी म्हणत नाही. काही ठिकाणी अडवले. पण ज्या क्रमाने नदी अडली तो क्रम इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवला पाहिजे. आधी धरण, मग रस्ता, मग धावपट्टी, मग व्यापारी संकुल. सरकारी शिक्क्यानिशी झालेल्या भरावाला ‘विकास’ म्हणायचे आणि पोटासाठी टाकलेल्या चार पत्र्यांना ‘अतिक्रमण’, ही भाषा ज्यांनी घडवली त्यांचे पाय पाण्यात नव्हते.

हाच प्रकार जलवाहिन्यांच्या बाबतीत घडला. तानसाचे पाणी आणणाऱ्या प्रचंड नळांना लागून वस्त्या होत्या. घराशेजारून कोट्यवधी लीटर पाणी जात होते आणि घरात नळ नव्हता. माझी आई रात्री दोन वाजता उठून अशाच एका नळाच्या गळक्या सांध्यापाशी हंडा लावत असे; दिवसा लावला तर हुसकावून देत. पुढे त्या नळांच्या सुरक्षिततेसाठी वस्त्या हटवण्यात आल्या आणि अनेक कुटुंबांना माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, पाठवण्यात आले. २०१९ साली उच्च न्यायालयाला सांगावे लागले की, या माणसांवर तेथे राहण्याची सक्ती करता येणार नाही. त्याआधी, डिसेंबर २०१४ मध्ये, पाणी हक्क समितीच्या याचिकेवर त्याच न्यायालयाने म्हटले होते की, झोपडी २००० सालानंतरची आहे एवढ्यासाठी पाणी नाकारता येणार नाही. महाडनंतर सत्त्याऐंशी वर्षांनी पाण्याचा हक्क पुन्हा न्यायालयात सिद्ध करावा लागला. या वेळी आडवी आलेली भिंत जातीच्या नावाने उभी नव्हती. ती तारखेच्या नावाने उभी होती.

आता अलीकडचे उदाहरण घेऊ. १८ ऑगस्ट २०२५ रोजी विहार तलाव भरून वाहू लागला. शहरासाठी ही आनंदवार्ता होती आणि पाणीकपातीची चिंता करणाऱ्या घरांत तिचे स्वागत होणे स्वाभाविकही होते. दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टला, मुसळधार पावसात मिठीची पातळी कुर्ल्याजवळ ३.९ मीटरवर गेली आणि क्रांतीनगरमधल्या सुमारे साडेतीनशे रहिवाशांना घरे सोडून बाहेर पडावे लागले. पूर केवळ तलावामुळे आला, असे म्हणणे अशास्त्रीय होईल. पाऊस मोठा होता, भरती होती, गटारे होती. पण पावसाच्या ऐन वेळी तलाव काठोकाठ होता आणि त्याने झेलायचे पाणी खाली आले, हेही तितकेच खरे. तलाव भरल्याची बातमी सांडव्याच्या वर राहणारा एका अर्थाने वाचतो आणि सांडव्याखाली राहणारा दुसऱ्या अर्थाने.

मग धरणेच नकोत असे म्हणायचे काय? आपल्या चळवळीने तसे म्हणू नये, असे मला वाटते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि सिंचन व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. दामोदर खोऱ्याची योजना त्या काळात आकाराला आली. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथील परिषदेत त्यांनी ओरिसाच्या नद्यांविषयी जे विवेचन केले त्याचा आशय असा की, पाण्याची विपुलता हे संकट मानणे चूक आहे. माणूस पाण्याच्या अतिरेकापेक्षा त्याच्या अभावाने अधिक पीडला जातो. म्हणून पाणी समुद्रात घालवून पूर टाळण्यापेक्षा ते धरणांत साठवून बहुविध उपयोगांत आणावे. बहुउद्देशीयता हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. एकाच धरणाने पूर आवरावा, शेती भिजवावी, वीज द्यावी, वाहतूक सांभाळावी. हा केवळ तंत्राचा विचार नाही, न्यायाचाही आहे. ज्या धरणाचा एकच उद्देश असतो त्याचा एकच लाभार्थी असतो.

ही कसोटी विहारला लावून पाहू. विहारचा उद्देश आरंभापासून एकच राहिला: पिण्याचे पाणी साठवणे. म्हणून तो शक्य तितका काठोकाठ भरणे हेच यश मानले गेले. १८६० साली ते योग्य होते, कारण शहराचा दुसरा आधार नव्हता. आज स्थिती काय आहे? सातही तलावांचा मिळून साठा १,४४,७३६ कोटी लीटर आणि विहारचा त्यातला वाटा २,७६९.८ कोटी, म्हणजे शेकडा दोनसुद्धा नाही. विहारचे पाणी पूर्ण भरल्यावर सुमारे ७ चौरस किलोमीटरवर पसरते. पावसाच्या ऐन भरात ते सांडव्यापेक्षा फक्त एक मीटर खाली ठेवले तर सुमारे ७०० कोटी लीटर पाणी मावण्याइतकी जागा रिकामी राहते. शहराच्या हिशेबाने हे दोन दिवसांचेही पाणी नव्हे. विहारचे पाणलोट क्षेत्र सुमारे १९ चौरस किलोमीटर आहे. २००५ साली सांताक्रूझला पडला तेवढाच पाऊस त्यावर धरला तर सुमारे १,८०० कोटी लीटर होतात. त्यातला तिसऱ्या हिश्शाहून अधिक लोंढा त्या एका मीटरने झेलला असता. पवईचे पाणी तर पिण्यासाठी नाहीच. तेथे जागा राखणे त्याहून सोपे.

एवढ्याने मिठीचा पूर थांबेल असा दावा मी करत नाही. खाली शहराच्या रस्त्यांवर आणि छपरांवर पडणारे पाणी उरतेच, भरती उरतेच. सप्टेंबरात पाऊस दगा देईल, ही शंकाही रास्त आहे. विहारचे ओसंडणारे पाणी भांडुपच्या शुद्धीकरण केंद्राकडे वळवण्याची योजना महापालिकेने पुढे मांडली आहे, हे स्वागतार्हच आहे. पण ती सुचायला दीडशेहून अधिक वर्षे आणि २००५ चा पूर लागला. तोवर सांडव्याखाली कोण राहते, हा प्रश्न पातळी ठरवणाऱ्यांच्या कागदावर नव्हता. दोन दिवसांचे पाणी तराजूच्या एका पारड्यात आणि कुर्ल्याच्या शेकडो घरांचे धान्य, अंथरूण, मुलांची दप्तरे दुसऱ्या पारड्यात, असे वजन कोणी कधी करून पाहिले काय?

श्रेणीबद्ध विषमता ही संकल्पना बाबासाहेबांनी समाजासाठी वापरली: एकावर एक रचलेल्या पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवरचा माणूस खालच्याला तुच्छ लेखून वरच्याचे सहन करणारा. मिठीच्या खोऱ्यात तीच रचना जमिनीच्या उतारावर दिसते. इमारतीतला माणूस झोपडीवाल्याला नदी घाण केल्याबद्दल बोल लावतो, झोपडीवाला आणखी काठाशी राहणाऱ्याला. आणि डोंगरावर पाणी कोणत्या रेषेवर अडवायचे हे ठरवणाऱ्याकडे कोणाचीच नजर जात नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि शिक्षक मित्रांना माझी विनंती कामाची आहे. आपापल्या वस्तीत २००५ चे पाणी कोठपर्यंत चढले होते, त्या खुणा अजून भिंतींवर आणि वृद्धांच्या आठवणीत आहेत. त्या मोजून, उंचीसह लिहून ठेवाव्यात. तलावांच्या पातळीचे रोजचे आकडे महापालिका प्रसिद्ध करते. ते विद्यार्थ्यांकडून लिहवून घ्यावेत आणि शेजारी त्याच दिवसाची मिठीची पातळी व भरतीची वेळ मांडावी. चार पावसाळ्यांचा असा तक्ता हाती असेल तर कोणत्याही अधिकाऱ्यासमोर बसून बोलता येते. दर मे महिन्यात प्रभागाच्या सभेत एकच प्रश्न लेखी विचारावा: यंदा जुलै-ऑगस्टमध्ये विहार आणि पवईची पातळी किती राखणार, आणि ती ठरवताना खालच्या वस्त्यांचे कोण हजर होते? आणि हा प्रश्न विचारताना शहापूरच्या पाड्यांना सोबत घ्यावे, कारण आपल्या नळाचे पाणी त्यांच्या अंगणातून येते.

महाडला जाताना आपल्या माणसांजवळ तळ्याची मोजमापे नव्हती, त्यांच्याजवळ फक्त हक्काची जाण होती आणि ती पुरेशी ठरली. आजच्या पाण्याचा कारभार आकड्यांच्या भाषेत चालतो. ही भाषा आपल्या मुलांना आली पाहिजे. पहिल्या पिढीत शिकलेल्या आपल्यासारख्यांवर ते शिकवण्याची जबाबदारी आहे.